शहराचे अंगण : लहान गावांतील उद्याने व क्रीडांगणे



नाशिकच्या जुन्या वस्तीत वैशाखातल्या संध्याकाळी कोणी पाहुणा आला आणि घरची मंडळी कोठे गेली असे त्याने विचारले, तर शेजारच्या ओट्यावरून ठरलेले उत्तर येई : 'गंगेवर'. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. रामकुंडापासून यशवंतराव महाराज पटांगणापर्यंतचा दगडी घाट म्हणजे या गावाचे सामाईक अंगण होते. आजीबाई पायरीवर टेकत, लहान मुले पाण्याशी खेळत, पोरेसोरे पटांगणात पळापळी करीत. बुधवारी तेथेच बाजार भरे आणि वसंत व्याख्यानमालेच्या दिवसांत तेथेच सारे गाव व्याख्याने ऐकायला बसे. या जागेला उद्यान म्हणून कोणी कधी ओळखले नाही, तिला कुंपण नव्हते आणि तिकीटही नव्हते. परंतु उद्यान व क्रीडांगण या दोन्ही शब्दांनी आज जे अपेक्षिले जाते, त्यातील बहुतेक सारे तेथे होते.

मोगल अमदानीत नाशिकचे नाव गुलशनाबाद असे होते, म्हणजे फुलबागांचे गाव. तरी जुन्या नाशिकमधील मुले बागेत वाढली नाहीत. ती वाड्याच्या चौकात, देवळाच्या आवारात, तालमीच्या मातीत आणि नदीच्या वाळवंटात वाढली. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, लंगडी, आट्यापाट्या या खेळांना मोकळ्या भुईपलीकडे फारसे काही लागत नाही. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडल्या जातात आणि एरवी ज्यांच्यावरून वाहतूक चालते त्या चौकांत त्या दिवशी लोक रंगीत पाण्यात उड्या घेतात. वर्षातून एक दिवस का होईना, रस्त्याचे क्रीडांगण होते. ही प्रथा आजही चालू आहे.

गाव वाढले तसे हे अंगण आक्रसत गेले. १९६२ साली सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे अंबड झाले. कामगारांची घरे हवीत म्हणून सिडकोने नवीन नाशिक वसविले. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. तिचे क्षेत्र सुमारे २५९ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर गेली. वाडे उतरविले गेले आणि त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या. वाड्यात चौक होता, इमारतीत वाहनतळ आला. घरातली माणसे तीच, मुलांची पळण्याची हौस तीच. पळण्याची भुई मात्र गेली. ही गोष्ट इतकी हळूहळू घडली की ती कोणा एकाची चूक म्हणून दाखविता येत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी तक्रारही फारशी कोणी केली नाही.

महानगराला निदान शेकडो लहानमोठी उद्याने आहेत, स्वतंत्र उद्यान विभाग आहे. खरी काळजी वाटावी ती जिल्ह्यातील लहान शहरांची : येवला, सिन्नर, मनमाड, नांदगाव, इगतपुरी, सटाणा, त्र्यंबक, भगूर आणि अलीकडच्या काळात ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालेली निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा ही गावे. नाशिकने जे गेल्या पन्नास वर्षांत गमावले ते या गावांच्या हाती अजून काही प्रमाणात आहे. म्हणूनच विषय त्यांच्यापासून सुरू करणे अगत्याचे आहे.

गावातील मोकळ्या जागा

लहान शहरात मोकळी जागा नसते असे नाही. ती उद्यान या नावाने नसते एवढेच. येवल्यात संक्रांतीला पतंगांचा मोठा उत्सव होतो, पण तो साजरा होतो घरांच्या गच्च्यांवर. सिन्नरला गोंदेश्वराचे आवार हा कुटुंबांचा विसावा आहे. तथापि संरक्षित स्मारकाच्या आवारात मुलांनी चेंडू खेळावा असे कोणी म्हणणार नाही. मनमाड व इगतपुरी ही रेल्वेची गावे. तेथील मैदानांना रेल्वे वसाहतींचा आधार मिळाला, पण ती जागा रेल्वेची, नगरपरिषदेची नव्हे. त्र्यंबकला यात्रेकरूंची दाटी इतकी की गावच्या मुलांनी खेळावे कोठे हा प्रश्न श्रावणात कोणाला सुचतसुद्धा नाही.

याखेरीज जवळजवळ प्रत्येक गावात बाजारतळ असतो. आठवड्यातून एक दिवस तो भरतो आणि सहा दिवस रिकामा असतो. जत्रेचे मैदान वर्षातून तीन-चार दिवस लागते, ईदगाहची जागा दोन दिवस. शाळेचे मैदान सायंकाळी पाचनंतर कुलुपात असते आणि त्याच वेळी शाळेतून सुटलेली मुले रस्त्यावर, मोटारींच्या मधून क्रिकेट खेळत असतात. यापेक्षा विसंगत दृश्य शोधून सापडणार नाही. शाळेची अडचण खोटी नाही : कोणाला इजा झाली तर जबाबदार कोण, सकाळी वर्गात कचरा सापडला तर झाडायचा कोणी? ही अडचण उपदेशाने दूर होत नाही. नगरपरिषद आणि शाळा यांच्यात लेखी करार, सायंकाळपुरता एक रखवालदार आणि त्याच्या वेतनाची अंदाजपत्रकात तरतूद या तीन गोष्टींनी ती दूर होऊ शकते. नवीन जमीन घेण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

बाजारतळाविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. बाजार उठल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तळ झाडून निघाला, ओट्यांच्या मधली जागा सपाट राहिली आणि एका कडेला सावलीची झाडे व पाण्याचा नळ असला, तर गावाला फुकटात क्रीडांगण मिळते. बहुतेक ठिकाणी घडते ते उलट. सिमेंटचे पक्के गाळे उभे राहतात, बाजार रस्त्यावर सरकतो आणि तळ बाजाराच्याही उपयोगाचा राहत नाही, खेळाच्याही नाही. गाळ्यांचे भाडे अंदाजपत्रकात दिसते, मुलांचा खेळ दिसत नाही. नगरपरिषदेच्या लेखापालाला त्याचा दोष देणे मात्र अन्यायाचे होईल.

कायद्यातील हिरवा रंग

उद्याने व क्रीडांगणे यांचा विचार कायद्याने केलेला नाही असा समज असेल तर तो चुकीचा आहे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे या नागरी सुविधांचा स्पष्ट उल्लेख आहे. बालकाला विश्रांतीचा व खेळण्याचा हक्क आहे असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम सांगते आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. परंतु नगरपरिषदांचा कारभार ज्या १९६५ च्या अधिनियमाने चालतो, त्यात पाणी, दिवाबत्ती, सफाई ही आवश्यक कर्तव्ये असून उद्यान हे ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. 'ऐच्छिक' या एका शब्दाचे परिणाम फार दूरवर गेले आहेत. पैसा अपुरा असतो तेव्हा ऐच्छिक काम पुढच्या वर्षावर जाते आणि लहान नगरपरिषदेचा पैसा दरवर्षीच अपुरा असतो.

दुसरा कायदा १९६६ चा, प्रादेशिक व नगररचनेचा. त्याअन्वये प्रत्येक शहराची विकास योजना तयार होते आणि तिच्या नकाशात उद्याने, क्रीडांगणे, शाळा, रुग्णालये यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. नकाशावर हिरवा रंग दिला म्हणजे बाग झाली, असा भाबडा विश्वास लोकांत आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ती जागा बहुधा एखाद्या शेतकऱ्याची असते आणि नगरपरिषदेने ती मोबदला देऊन घ्यावी लागते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती घेतली नाही, तर कलम १२७ अन्वये मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, पुढे ती बारा महिने आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिने झाली. आरक्षण व्यपगत झाले की जमीन मोकळी होते व तेथे घरे उभी राहतात.

या कलमाला दूषण देणेही बरोबर नाही. ज्या शेतकऱ्याची जमीन दहा वर्षे अडकून पडली, ज्याला ती विकता येत नाही की बांधता येत नाही, त्याच्या बाजूने कायद्याने उभे राहावयासच हवे. पेच आहे तो पैशाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला न्याय्य झाला आणि म्हणूनच मोठाही झाला. रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचा मार्ग मोठ्या शहरांत चालतो, कारण तेथे अधिक मजले चढविण्याची मागणी असते. जेथे दुमजली घरापलीकडे कोणी बांधत नाही, त्या गावात त्या हक्काच्या कागदाला गिऱ्हाईक कोठून मिळावे? लहान गावाची बाग त्यामुळे नकाशातच राहते आणि दहा वर्षांनी नकाशातूनही पुसली जाते.

नाशिकचाच दाखला घ्यावा. महापालिकेची विकास योजना १९९३ ची. सुधारित योजना मंजूर झाली ती २०१७ मध्ये. मध्यंतरीच्या चोवीस वर्षांत ज्या मुलांनी त्या क्रीडांगणांवर खेळावयाचे ती मुले स्वतः आईबाप झाली.

याउलट एक जागा अशी आहे की जिच्यासाठी नगरपरिषदेला एक पैसाही मोजावा लागत नाही. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक जमिनीचे अभिन्यास मंजूर करताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ही अट कायम आहे. एक हेक्टरच्या अभिन्यासात ही जागा एक हजार चौरस मीटर भरते. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, कबड्डीचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. भोवतालची मोकळी पट्टी धरूनही ही दोन मैदाने एक हजार चौरस मीटरमध्ये बसतात आणि कडेला झाडे, बाके व बालकांचा झोपाळा यांना जागा उरते. म्हणजे शंभर घरांच्या वस्तीला लागणारे क्रीडांगण कायद्याने आधीच दिलेले आहे.

मग ते दिसत का नाही? एक तर अभिन्यास आखणारा भूखंडांना चांगली जागा देतो आणि नाल्याकाठचा, वीजवाहिनीखालचा किंवा त्रिकोणी तुकडा खुली जागा म्हणून दाखवितो. तो मंजूर करताना अधिकाऱ्याने हात आखडला तर पुढचे कितीतरी प्रश्न उद्भवणार नाहीत. दुसरे असे की, रिकाम्या जागेवर हळूहळू काहीतरी येते : आधी एक ओटा, मग त्यावर छप्पर, मग सभागृह. यातील प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूने होते, वर्गणीही लोकच देतात. नियमांनी अशा बांधकामाला एका मर्यादेपर्यंत मुभाही दिली आहे. मर्यादा केव्हा ओलांडली गेली हे मोजायला कोणी येत नाही. मुलांना मतदान नसते आणि वर्गणीही देता येत नाही, हे येथे विसरून चालणार नाही.

या बाबतीत बंगळूरचे एक प्रकरण प्रत्येक नगरसेवकाने माहीत करून घेण्याजोगे आहे. तेथील एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेला भूखंड शुश्रूषागृहासाठी देण्यात आला. शुश्रूषागृह ही काही वाईट गोष्ट नव्हे. तरीही रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप अवैध ठरविले. खुली जागा ही सर्वांच्या आरोग्यासाठी असते, ती खासगी उपयोगाला देता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. खटला मोठ्या संस्थेने लढविला नव्हता, त्या भागातील सामान्य रहिवाशांनी लढविला होता.

बाग कोणासाठी

जागा मिळाली तरी निम्मे काम उरते. उद्यान बांधणे म्हणजे कमान, कारंजे, हिरवळ आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी, ही कल्पना अजून गेलेली नाही. कारंजे बहुधा उद्घाटनाच्या दिवशी चालते. हिरवळीला मार्चपासून जूनपर्यंत रोज पाणी लागते आणि मनमाडसारख्या गावाने, जेथे पिण्याच्या पाण्याची टंचाई हा नित्याचा अनुभव आहे, ते पाणी कोठून आणावे? वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, चिंच ही झाडे पहिली तीन-चार वर्षे सांभाळली की पुढे पाणी मागत नाहीत. त्यांच्या सावलीत पाच वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच वेळी बसू शकतात.

जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर तसेच क्रीडांगण केले तर चार महिने चिखल व चार महिने ठेचा. आधी पाण्याचा निचरा करून मुरमाचा थर दाबून घेतला तर ते बारमाही होते. घसरगुंडी पत्र्याची असेल आणि तिचे तोंड पश्चिमेला असेल, तर एप्रिलमध्ये चार वाजता मूल तिच्यावर बसू शकत नाही; ती झाडाच्या पूर्वेला, दुपारनंतरच्या सावलीत असावी. झोपाळ्याखाली फरशी नसावी, वाळू असावी. या सूचना क्षुल्लक वाटतील, परंतु ओस पडलेल्या बागा पाहिल्या तर त्या बहुधा अशाच क्षुल्लक कारणांनी ओस पडलेल्या आढळतात.

स्त्रिया बागेत येतात की नाही, यावर ती बाग कुटुंबाची की टवाळांची हे ठरते. त्यांना दिवा हवा, स्वच्छतागृह हवे, आणि रस्त्यावरून आत दिसेल असे बुटके कुंपण हवे. उंच भिंत बांधली की सातनंतर तेथे कोणी कुटुंब फिरकत नाही. बाग सकाळी सातला उघडून अकराला बंद व्हावी आणि सायंकाळी पाचला उघडावी, हे वेळापत्रक गृहिणीला कितपत सोयीचे आहे याची चौकशी कधी झाली नाही. तिला मोकळीक मिळते ती दुपारी दोन ते चार, मूल शाळेत असते तेव्हा. मैदानांविषयी आणखी एक गोष्ट : जागा एकच असली की ती थोरल्या मुलांच्या क्रिकेटची होते आणि मुली व लहानगी कडेला उभी राहतात. आठवड्यातील काही वेळ खो-खो व लंगडीसाठी राखून ठेवला, तर त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

मुलींच्या वाट्याला मैदान आले तर काय घडते, याचे उदाहरण याच जिल्ह्याने दिले आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत नाशिकच्या भोसला सैनिकी विद्यालयाच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली धावू लागली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. सर्व मुली पदके आणणार नाहीत आणि त्यांनी ती आणावीत अशी अपेक्षाही नाही. परंतु डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेल्या त्या शाळेभोवतीचे मैदान जर मधल्या काळात भूखंड पाडून विकले गेले असते, तर पाड्यावरची ती मुलगी कोठे धावली असती?

नाशिकच्या मध्यभागी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. गोल्फ क्लब मैदान हे त्याचे जुने नाव अजून लोकांच्या तोंडी आहे आणि साहेबांच्या विरंगुळ्याची खूण त्या नावात राहिली आहे. १९०९ मध्ये जॅक्सनवर गोळी झाडून १९१० मध्ये फाशी गेलेल्या तरुणाचे नाव आता त्या जागेला आहे. पहाटे पाचपासून तेथे चालणाऱ्यांची रांग लागते : निवृत्त कारकून, मधुमेही व्यापारी, साडीवर बूट घातलेल्या गृहिणी. २००५ नंतर तेथे रणजी सामनेही झाले. बाजारभावाने त्या जागेची किंमत काढली तर डोळे पांढरे होतील आणि ती कोणी काढीत नाही, हेच त्या मैदानाचे भाग्य आहे. पांडवलेण्याच्या पायथ्याचे फाळके स्मारक सहलीसाठी आहे, वर्षातून एकदा जाण्याचे. रोजची बाग घरापासून दहा मिनिटांच्या चालण्यावर असावी लागते. रिक्षाचे भाडे मोजून कोणी मुलाला झोपाळ्यावर नेत नाही.

नदीकाठाचीही एक जागा आहे. गोदावरीला २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टात मोठे पूर आले. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर नाशिककर पूर मोजतात. पूररेषेच्या आतली जमीन घरांच्या उपयोगाची नाही, पण खेळाला व झाडांना ती योग्य आहे, कारण वर्षातले चार दिवस ती पाण्याखाली गेली तरी कोणाचा संसार वाहून जात नाही. मात्र तेथे फरशा, कठडे आणि विजेच्या खांबांचा थाट केला की पहिल्याच पुरात तो उखडतो. नदीकाठी मातीची वाट, दगडी पायरी आणि वृक्ष पुरेत. जुन्या घाटाने हे फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

माळ्याचा पगार

केंद्र शासनाच्या २०१५ मधील अमृत अभियानात अडीच टक्क्यांपर्यंत निधी हरित क्षेत्रे व उद्यानांसाठी ठेवण्यात आला होता, पण ते अभियान मुख्यतः एक लाखावरील शहरांसाठी होते. लहान गावांना बाग मिळते ती बहुधा एखाद्या विशेष निधीतून. बांधकामाला पैसा येतो, फलक लागतो, आणि देखभाल नगरपरिषदेकडे येते. तीन वर्षांनी झोपाळ्याची साखळी तुटते, ती बदलायला दोनशे रुपये लागतात आणि त्या दोनशे रुपयांसाठी कोणत्याही योजनेत लेखाशीर्ष नसते. म्हणून ज्या प्रस्तावात माळ्याच्या व रखवालदाराच्या दहा वर्षांच्या वेतनाची सोय दाखविलेली नाही, तो मंजूर न करणे हेच हिताचे. अर्धी बाग करावी, पण माळी पूर्ण असावा.

नगरपंचायत झालेल्या गावांत विकास योजना तयार करण्याचे काम निघते तेव्हा प्रारूप नकाशा कार्यालयात लावला जातो व हरकती-सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत असते. त्या तीस दिवसांत लोक येतात, आपापला गट क्रमांक शोधतात, आपल्या जमिनीवर आरक्षण पडले असेल तर वकिलाकडे जातात. ते स्वाभाविक आहे. हिरव्या तुकड्यांच्या बाजूने अर्ज सहसा येत नाहीत, कारण त्यांचा लाभ ज्यांना व्हावयाचा ती मंडळी त्या वेळी शाळेत असतात. साध्या कागदावर, गट क्रमांक लिहून, हे क्रीडांगण येथे का हवे व कमी करू नये असा अर्ज कोणाही रहिवाशाला देता येतो. त्याला शुल्क नाही, आणि अर्जदाराला नियोजन समितीपुढे सुनावणीस बोलावले जाते. शाळेचे मुख्याध्यापक, महिला मंडळ, तालमीचे वस्ताद यांनी असे अर्ज मुदतीत द्यावेत. नकाशा पाहण्यासाठी कार्यालयात जाताना सोबत एखाद्या मुलाला न्यावे. कोणत्या वाटेने मैदानापर्यंत पायी जाता येते, हे त्याला मोठ्यांपेक्षा अधिक अचूक ठाऊक असते.